अक्षरांच्या जगातला जादूगार



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या वर्गात कोणीही उभं राहून प्रश्न विचारावा अशी मुभा होती, असं त्यांचे विद्यार्थी अजून सांगतात. मी त्यांचा विद्यार्थी नाही. मी जळगावचा, आणि धुळ्याच्या व्यासपीठावर जळगावकरानं उभं राहायचं म्हणजे आधीच दोन गुण कमी धरले जातात हे मला ठाऊक आहे. त्यात विषय संगणकावरच्या खेळांचा. संयोजकांपैकी एक काका फोनवर म्हणालेच, "सर, पोरं आधीच मोबाइलमधून मुंडकं वर काढत नाहीत, त्यात तुम्ही आणखी खेळ शिकवणार का?" त्यांना मी शब्द दिला होता की आज ज्या खेळांबद्दल बोलणार आहे त्यात एकही चित्र नाही, आवाज नाही, गोळीबार दिसत नाही. नुसती अक्षरं आहेत. काका निर्धास्त झाले. पुढचं मी त्यांना सांगितलं नाही, ते आज सांगतो. या अक्षरांच्या खेळांत चोऱ्या झाल्या, खून झाले, निवडणुका झाल्या, आणि एका प्रकरणात तर देहदंड द्यावा का यावर तासन्‌तास बैठक चालली.

हे खेळ 'मड' या नावानं ओळखले जातात. मल्टी-युझर डंजन, म्हणजे अनेकांनी एकाच वेळी उतरायचं तळघर. चिखलाशी त्याचा संबंध नाही, पण इंग्रजांनाही त्या नावावर विनोद करायचा मोह आवरलेला नाही.

खेळ कसा दिसतो ते आधी दाखवतो, नाहीतर पुढचं सगळं हवेत राहील. काळा पडदा. त्यावर ओळी उमटतात:

तुम्ही एका पडक्या वाड्याच्या ओसरीवर उभे आहात. उत्तरेला माजघराचं दार आहे. खाली एक कंदील पडला आहे.

तुम्ही टाइप करता: कंदील घे. उत्तर येतं: घेतला. तुम्ही टाइप करता: उत्तरेला जा. उत्तर येतं: दार बंद आहे. मग किल्ली शोधा, कडी वाजवा, दाराला धक्का द्या. काय चालेल आणि काय नाही हे कोणी सांगत नाही. आपल्याकडे भुलाबाईच्या गाण्यांनंतर मुली झाकलेल्या डब्यातली खिरापत ओळखतात, "गोड की तिखट? ओली की कोरडी?" असं विचारत विचारत, मडच्या आधीचे अक्षरांचे खेळ असेच होते. डबा यंत्राच्या हातात, आणि विचारणारे आपण एकटे.

'मड'मध्ये फरक एवढाच झाला, की तुम्ही ओसरीवर कंदील हातात घेऊन उभे असताना पडद्यावर अचानक एक ओळ उमटते: दक्षिणेकडून कोणीतरी येतं. हे कोणीतरी यंत्र नसतं. दुसऱ्या गावात, कदाचित दुसऱ्या देशात, असाच काळा पडदा समोर घेऊन बसलेलं माणूस असतं. ते तुमच्याशी बोलू शकतं, तुमचा कंदील पळवू शकतं, तुम्हाला मारूही शकतं. माझं आजचं म्हणणं या एका ओळीभोवती आहे. दुसरा माणूस आला की खेळात पहिला प्रश्न येतो तो अधिकाराचा. इथे कोणाचं चालणार? हा अधिकार कमवायचा कसा, वाटायचा कसा, आणि ज्याच्याकडे तो गेला त्याला आवरायचा कसा? या खेळांचा इतिहास तंत्रज्ञानाचा म्हणून सांगितला जातो. मला तो सत्तेचा इतिहास वाटतो.

आता थोडं मागे जाऊ. विल क्राउदर हा अमेरिकेतल्या बोस्टनजवळच्या बीबीएन या कंपनीत काम करणारा प्रोग्रामर. आजच्या इंटरनेटची पूर्वज असलेली आर्पानेट ही यंत्रणा उभारणाऱ्यांपैकी एक. त्याला आणि त्याची पत्नी पॅट्रिशिया हिला गुहा धुंडाळायचा नाद. केंटकी राज्यात मॅमथ केव्ह नावाची अजस्र गुहा आहे; शेजारची फ्लिंट रिज गुहा तिला आतून जोडलेली आहे हे १९७२ साली ज्या तुकडीनं शोधलं, त्यात पॅट्रिशिया होती. पुढे दोघांचा घटस्फोट झाला. मुली आईकडे, आणि बापाला त्यांच्याशी काहीतरी धागा हवा होता. १९७५-७६च्या सुमारास त्यानं गुहेच्या एका भागाचं वर्णन संगणकात घातलं, त्यात खजिना आणि बुटके पेरले, आणि मुलींना म्हणाला, खेळा. हा 'ॲडव्हेंचर'. पुढच्याच वर्षी स्टॅनफर्डच्या डॉन वूड्सनं त्यात भर घातली आणि आर्पानेटवरून तो विद्यापीठाविद्यापीठांत पोहोचला. त्याच १९७७ साली एमआयटीतल्या चौघांनी 'झॉर्क' लिहायला घेतला. पण या दोन्ही खेळांत माणूस एकटाच.

दुसरा माणूस आला तो इंग्लंडमध्ये, कोलचेस्टरजवळच्या एसेक्स विद्यापीठात. १९७८च्या शरद ऋतूत रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्यानं एक छोटासा प्रयोग केला. विद्यापीठात डेक कंपनीचा पीडीपी-१० हा मोठा संगणक होता. त्यावर एकाच वेळी अनेक जण आपापल्या टर्मिनलवरून काम करत, पण प्रत्येकाची मेमरी वेगळी, एकाचं दुसऱ्याला दिसायचं नाही. ट्रबशॉनं मेमरीचा एक तुकडा असा राखला की तो दोघांना वाचताही येईल आणि बदलताही येईल. मी त्यात दार उघडलं की तुझ्या पडद्यावरही ते उघडलेलं दिसेल. पहिली आवृत्ती म्हणजे एवढंच तपासून पाहणं होतं. खेळ असा त्यात काही नव्हताच. पण सामाईक जगाचा पाया तोच. नावाचं मूळही गमतीचं: झॉर्कची एक नक्कल त्या यंत्रावर होती, आणि फाइलचं नाव सहा अक्षरांहून लांब चालत नसल्यानं ती 'डंजन'ऐवजी एक अक्षर गाळून साठवलेली होती. तिचं अनेकांचं रूप म्हणून मड.

१९८० साली ट्रबशॉ शिक्षण संपवून निघाला आणि खेळ रिचर्ड बार्टल या त्याच्या मित्राच्या हातात आला. बार्टल आजही या क्षेत्रातला सगळ्यात वाचनीय लेखक आहे. तो सामान्य घरातला, उत्तर इंग्लंडमधल्या आडगावचा मुलगा. इंग्लंडमध्ये तोंड उघडलं की उच्चारावरून माणसाचा वर्ग ओळखतात. ते त्याला आणि ट्रबशॉला दोघांनाही खुपत होतं. बार्टलनं नंतर स्पष्टच सांगितलं आहे, की खेळातल्या पायऱ्या ही त्यांची राजकीय कृती होती. बाहेरच्या जगात तू कोणाचा मुलगा यावर तुझी जागा ठरते. इथे सगळे नवशिके म्हणून शिरतात. पुढे योद्धा, वीर, मांत्रिक अशा पायऱ्या, आणि शेवटी जादूगार. बाई असेल तर चेटकीण. खजिना शोधून तो दलदलीत नेऊन टाकला की गुण मिळत. एवढ्या कष्टानं मिळवलेलं धन चिखलात फेकायचं, ही कल्पना मला नेहमीच फार शहाणी वाटत आली आहे. आणि धोका असा, की दुसऱ्या खेळाडूशी लढताना मेलात तर मेलात. महिनोन्‌महिने वाढवलेलं पात्र पुसलं जायचं.

जादूगार झालेल्या माणसाला मात्र जवळपास सगळंच शक्य असे. तो अदृश्य होऊन ऐकू शके, वस्तू निर्माण करू शके, कोणालाही उचलून कुठेही टाकू शके. म्हणजे बार्टलनं जन्मावरची सत्ता घालवली आणि कर्तबगारीवरची सत्ता आणली. पण ती सत्ता मर्यादित केली नाही. ती आवरायची कशी हा प्रश्न तेव्हा कोणाला पडला नाही, कारण जादूगार मोजके होते, एकमेकांना ओळखत होते, आणि सगळ्यांना वाटत होतं की जो इथवर आला तो शहाणाच असणार. आपल्याकडे निवडून आलेल्या माणसाबद्दलही पहिले सहा महिने असंच वाटतं.

विद्यापीठाबाहेरचे लोक मोडेमवरून फोन लावून खेळायला येत, पण रात्री, यंत्र मोकळं असे तेव्हा. पुढे हा खेळ कॉम्प्युसर्व्ह या अमेरिकी सेवेवर 'ब्रिटिश लेजंड्स' नावानं गेला आणि १९९९च्या अखेरपर्यंत चालला. बार्टलचं दुसरं मोठं काम म्हणजे खेळाडूंची वर्गवारी. 'मड २' या पुढच्या खेळातल्या जुन्याजाणत्यांमध्ये १९८९-९० साली काही महिने वाद झाला: लोकांना या खेळात नेमकं हवं तरी काय असतं? तो वाद वाचून बार्टलनं चार जाती मांडल्या. काहींना गुण आणि पायऱ्या हव्या असतात, काहींना कानाकोपरा शोधायचा असतो, काहींना फक्त गप्पा मारायच्या असतात, आणि काहींना दुसऱ्याला छळण्यातच सुख असतं. १९९६ सालच्या त्याच्या निबंधात त्यानं त्यांना पत्त्यांतले चौकट, इस्पिक, बदाम आणि किलवर असे रंग दिले. त्यातला खरा मुद्दा मात्र जातींचा नाही, त्यांच्या प्रमाणाचा आहे. छळणारे वाढले की गप्पिष्ट पळतात, गप्पिष्ट गेले की छळायला कोणी उरत नाही, आणि मग छळणारेही जातात. मग गाव ओस पडतं. ज्यांच्याकडे सोसायटीचा किंवा मित्रमंडळाचा व्हॉट्सॲप गट आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको.

एसेक्सनंतर मड जगभर उगवले. वेल्समधल्या ॲबरिस्टविथ विद्यापीठात १९८७ साली ॲलन कॉक्स आणि त्याच्या मित्रांनी 'ॲबरमड' केला. हाच कॉक्स पुढे लिनक्सच्या गाभ्यावर काम करणाऱ्यांत अग्रभागी होता. १९८९ साली स्वीडनच्या लार्स पेन्शोनं 'एलपीमड' आणला, ज्यात जादूगार झालेल्या खेळाडूला जगाचा नवा भाग स्वतः प्रोग्राम करून जोडता येई. म्हणजे जादूगाराला आता कामही लागलं. १९९० साली, ज्या वर्षी आपलं उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झालं, कोपनहेगनच्या पाच विद्यार्थ्यांनी 'डिकूमड' लिहायला घेतला. तो चटकन उभा राहायचा, त्यात लढाई भरपूर, आणि त्याच्या परवान्याची अट अशी की यावर पैसा कमवायचा नाही. पैसा दुसऱ्यांनी कमावला. १९९९ सालच्या 'एव्हरक्वेस्ट' या चित्रांच्या खेळाची घडण डिकूशी इतकी जुळत होती, की आम्ही त्याची एक ओळही उचललेली नाही असं त्याच्या प्रोग्रामरना शपथेवर लिहून द्यावं लागलं. आज ज्या खेळांत लेव्हल वाढते आणि चौघे मिळून राक्षस मारतात, त्यांच्या पणजोबांत डिकू आहे. तुमची नातवंडं मोबाइलवर जे खेळतात त्यातलं बरंचसं या अक्षरांतून आलेलं आहे.

सत्तेच्या दृष्टीनं मात्र दुसरी शाखा मला अधिक महत्त्वाची वाटते. ऑगस्ट १९८९मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या जेम्स ॲस्प्नेसनं 'टायनीमड' सुरू केला. त्यात पायऱ्या नाहीत, लढाई जवळजवळ नाही, आणि खोली बांधण्यासाठी जादूगार व्हायची गरज नाही. आलेल्या कोणीही जमीन खोदावी आणि घर बांधावं. काही महिन्यांत त्या जगात इतकी बांधकामं झाली की यंत्राला पेलवेना, आणि पुढच्या वर्षी ते बंद पडलं. याच टायनीमडमध्ये मायकल मॉल्डिननं 'ज्युलिया' नावाचं एक पात्र सोडलं. ती खेळाडू नव्हतीच, प्रोग्राम होता. वाट विचारली तर सांगायची, आणि कितीतरी लोक तिला माणूस समजून तिच्याशी गप्पा मारत. अशा बोलक्या प्रोग्रामला 'चॅटरबॉट' हा शब्द मॉल्डिननंच रूढ केला. आज 'चॅटबॉट' हा शब्द शाळकरी मुलांच्या तोंडी आहे; त्याचा जन्म या अक्षरांच्या वस्तीत झाला.

याच वाटेनं पुढे 'लॅम्ब्डामू' आलं. कॅलिफोर्नियात पालो आल्टो इथे झेरॉक्स कंपनीची संशोधनशाळा होती, तिथल्या पावेल कर्टिसनं १९९०मध्ये ते उभारलं. जगाचा नकाशा म्हणून त्यानं स्वतःचं घर घेतलं. नवा माणूस शिरे तो कोट ठेवायच्या कपाटात, आणि दार उघडून बैठकीच्या खोलीत येई. तिथे हजारो लोक राहायला आले. 'राहायला' हाच शब्द बरोबर आहे; ते तिथे खेळत नव्हते. माणसं वाढली तशी भांडणं वाढली, आणि प्रत्येक भांडण जादूगारांकडे जाऊ लागलं. १९९२च्या अखेरीस कर्टिस कंटाळला. त्यानं जाहीर केलं: यापुढे जादूगार फक्त यंत्र चालू ठेवतील, माणसांच्या भानगडीत पडणार नाहीत. ज्याच्या हाती सगळी सत्ता आहे तो आपण होऊन म्हणतो, मला नको, तुमचं तुम्ही पाहा. ऐकायला फार उदात्त. पण त्याच्या जागी कोण, हे त्यानं सांगितलं नाही.

तीनच महिन्यांत परीक्षा झाली. मार्च १९९३मध्ये 'मिस्टर बंगल' या नावाचं एक पात्र भरलेल्या बैठकीच्या खोलीत आलं. त्याच्याकडे 'वूडू बाहुली' नावाचा एक छोटा प्रोग्राम होता. त्याच्या साह्यानं त्यानं इतर पात्रांच्या नावावर अश्लील आणि हिंसक कृत्यांच्या ओळी टाकल्या. म्हणजे पडद्यावर दिसे की अमुक बाई आता असं असं करते आहे. त्या बाईनं काहीच टाइप केलेलं नसे. कोणाच्या अंगाला बोट लागलं नाही. पण ज्यांची नावं वापरली गेली त्यांतली एक, दूर आपल्या घरी, त्याबद्दल लिहिताना रडली. "अक्षरंच तर आहेत" असं म्हणणाऱ्यांनी एवढंच आठवून पाहावं, की आपल्याकडे निनावी पत्रानं किती घरं मोडली आहेत.

काही दिवसांनी बैठक भरली. मागणी होती बंगलला 'टोड' करण्याची; मूळ अर्थ बेडूक करणं, प्रत्यक्षात खातं पुसणं, म्हणजे त्या जगातला देहदंड. तास लोटले. एक गट म्हणे, जादूगारांनी हुकूम द्यावा. दुसरा म्हणे, त्यांनी तर सत्ता सोडली आहे. तिसरा म्हणे, गुन्हा ठरवायला कायदाच नाही तर शिक्षा कशी? चौथा, असे लोक प्रत्येक सभेत असतात, सत्ता ही संकल्पनाच नाकारत होता. बंगल स्वतःही मध्येच येऊन गेला. ठराव झालाच नाही. लोक पांगले, आणि त्या रात्री एका जादूगारानं एकट्याच्या जबाबदारीवर बंगलला पुसून टाकलं. जूलियन डिबेल या पत्रकारानं डिसेंबर १९९३मध्ये 'व्हिलेज व्हॉइस' या न्यूयॉर्कच्या साप्ताहिकात हे लिहिलं, आणि तो लेख आजही कायद्याच्या विद्यार्थ्यांना वाचायला देतात.

यानंतर कर्टिसनं मतदानाची पद्धत घातली. कोणीही अर्ज मांडावा, पुरेशा सह्या जमल्या की मतदान, आणि नकारापेक्षा होकार दुप्पट असेल तर जादूगार अंमल करतील. लवाद आले, नियम आले, नियमांवरचे वाद आले. १९९६च्या मे महिन्यात जादूगारांनी पुन्हा जाहीर केलं, की जमलं नाही, गरज पडेल तिथे आम्ही निर्णय घेऊ. मला यात कोणाचीच फजिती दिसत नाही. ज्याच्या हाती वीज बंद करायचं बटण आहे तो "मला सत्ता नको" म्हणाला तरी बटण त्याच्याच हाती राहतं, हे साडेतीन वर्षांत प्रयोगानं सिद्ध झालं. आज ज्या कंपन्यांच्या व्यासपीठांवर आपण बोलतो, भांडतो, लग्नं जुळवतो, तिथे तर हा प्रयोगही सहसा कोणी करत नाही.

हे सगळं चाललं होतं तेव्हा आपण कुठे होतो? १९८६च्या सुमारास केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानं संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीनं 'अर्नेट' हे शिक्षणसंस्थांचं जाळं सुरू केलं. त्यात पाच आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि मुंबईत जुहूला असलेली एनसीएसटी ही सॉफ्टवेअर संस्था होती. १९८९च्या सुमारास एनसीएसटीतून अमेरिकेशी थेट दुवा जुळला. त्याचा वेग सेकंदाला ९.६ किलोबिट. संपूर्ण देशाच्या शैक्षणिक ई-मेलची वाट तेवढी. सामान्य माणसाला इंटरनेट मिळालं १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगममार्फत, आणि तेही आधी मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास इथे. चित्रं दिसणारं खातं महाग. विद्यार्थ्यांसाठी स्वस्तातलं 'शेल' खातं होतं. त्यात फक्त अक्षरं. पत्र वाचायला पाइन, जाळं पाहायला लिंक्स, आणि दुसऱ्या यंत्रावर जायला टेलनेट.

टेलनेट म्हणजेच मडचं दार. मुंबईत शिकत असताना मित्राच्या शेल खात्यावरून मी युरोपातल्या एका मडवर पहिल्यांदा गेलो. ज्यांना चित्रांचं इंटरनेट परवडत होतं त्यांना ही वाट दिसलीच नाही. आम्हाला परवडत नव्हतं म्हणून दिसली. सुट्टीत खानदेशात आलो की ती बंद. इथून मुंबईचा नंबर लावायचा म्हणजे एसटीडी, आणि एसटीडीचा दर रात्री उशिरा पाव होई. पीसीओसमोर तेव्हाच रांग लागे. एसेक्समधले बाहेरचे खेळाडूही रात्रीच येत, हे नंतर वाचलं तेव्हा हसू आलं. फुकट किंवा स्वस्त मिळणारी वेळ जगात सगळीकडे तीच.

त्या मडमध्ये मी मराठी असण्याला काही जागा नव्हती. इंग्रजी बरं यायला लागलं ते तिथे, हे खरं आहे. पण तिथे देवनागरीचं एक अक्षर उमटू शकत नव्हतं. कारण साधं आहे. हे खेळ आस्की या सात बिटांच्या संकेतावर उभे होते: एकशे अठ्ठावीस जागा, त्यात इंग्रजी अक्षरं, आकडे, चिन्हं संपली. आपल्याकडे १९९१ साली 'इस्की' हा भारतीय लिप्यांचा प्रमाण संकेत झाला, पुण्याच्या सीडॅकनं 'जिस्ट' कार्ड घरोघर नाही तरी कचेरीकचेरीत नेलं. पण इस्की आठव्या बिटावर जगतो, आणि डिकूसारखे मड आस्कीबाहेरचं काहीही आलं की ते गाळून टाकत. दारावरच्या माणसाला आपली लिपी म्हणजे कचरा वाटत होती. सगळ्या लिप्यांना जागा देणारा युनिकोड रुळायला पुढे बरीच वर्षं गेली.

आता ती अडचण नाही. म्हणून गेली काही वर्षं मी विद्यार्थ्यांबरोबर मराठी मड लिहायच्या खटपटीत आहे, आणि त्यातलं थोडं सांगतो, कारण इथे भाषेचे जाणकार बसले आहेत. इंग्रजीत यंत्राला 'दिवा' हा शब्द कळला की काम झालं. तो शब्द वाक्यात कुठेही तसाच राहतो. आपल्याकडे दिवा घे, पण दिव्यात तेल घाल. विहीर दिसते, पण विहिरीत उतर. फूल पडलं, पण फुलाला हात लाव. प्रत्येक नामाचं सामान्यरूप यंत्राला शिकवावं लागतं, आणि त्यात ऱ्हस्वदीर्घ पालटतं. पोरं वैतागतात. उलट विभक्तीचा फायदा मोठा आहे. 'किल्लीनं कुलूप उघड' म्हणा की 'कुलूप किल्लीनं उघड' म्हणा, कशानं आणि काय हे प्रत्ययच सांगतो. इंग्रजी यंत्राला शब्दांचा क्रम मोजत बसावा लागतो.

पण खरी पंचाईत दुसरीकडे झाली. कोणी खोलीत आलं की सगळ्यांच्या पडद्यावर ओळ जाते. इंग्रजीत ती ओळ सगळ्यांसाठी एकच. मराठीत आला, आली, की आलं? लॅम्ब्डामूमध्ये खेळाडूला आपलं लिंग निवडता येई, आणि स्त्री किंवा पुरुष यांत न मोडणारी खास सर्वनामंही होती. मराठीत सर्वनाम बदलून भागत नाही, क्रियापद चुगली करतं. आम्ही सध्या शिरतानाच विचारतो आणि 'आलं'ही चालतं. एका मुलीनं तेच घेतलं आहे. म्हणते, निदान इथे तरी मला कोणी ताई म्हणू नये.

आणि मग आदरार्थी बहुवचन. नवशिका आला. योद्धा आला. जादूगार आला, की आले? बार्टलनं जन्माची उतरंड मोडायला पायऱ्या केल्या, त्याच्या भाषेत क्रियापद सगळ्यांना सारखं होतं. आपल्या क्रियापदात ती उतरंड आधीच बसलेली आहे. 'आले' छापायचं तर कुठल्या पायरीपासून, हे प्रोग्राममध्ये आकड्यानं लिहावं लागतं. एरवी समाज जे न बोलता ठरवतो ते यंत्र आपल्याकडून लिहून घेतं. वर्गात अहिराणी बोलणारी मुलं आहेत, ती म्हणतात, सर, आमच्या घरात आजीलाही एकेरीच आहे, सगळा खेळच आमच्या बोलीत करा, "कथा चालना रे भो", म्हणजे कुठे चाललास रे भाऊ, असं दारावरचा पहारेकरी जादूगारालाही विचारील. सूचना चांगली आहे. पण बोलीच्या सामान्यरूपांची यादी कोण करणार, तर तीच मुलं.

आणखी एक गोष्ट, जी मला या खेळांत सगळ्यात जास्त आवडते. चित्र नसल्यामुळे अंध माणूस इथे डोळस माणसाच्या बरोबरीनं खेळतो. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर असलं की झालं. 'एनव्हीडीए' हे त्यातलं मोफत सॉफ्टवेअर २००६ साली ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी सुरू केलं; ते मराठीही वाचतं. आज इंग्रजी मडवर उरलेल्या खेळाडूंत अंध खेळाडूंची संख्या लक्षात येण्याइतकी आहे, आणि 'ऑल्टर इऑन'सारखे मड त्यांची मुद्दाम सोय पाहतात. आमच्या खेळाचा सगळ्यात कडक परीक्षक एक अंध विद्यार्थी आहे. वर्णनात "सुंदर दृश्य" असं लिहिलं की तो विचारतो, म्हणजे नक्की काय आहे तिथे?

इतिहासाचार्य राजवाड्यांच्या धुळ्यात बोलतो आहे तर दफ्तरांबद्दल बोलल्याशिवाय कसा थांबू? राजवाडे संशोधन मंडळात जे कागद आहेत ते कोणाच्या तरी माळ्यावर वाळवी लागायच्या आत गोळा झाले म्हणून आहेत. विनोबांची गीता प्रवचनं याच गावच्या तुरुंगात १९३२ साली झाली, आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली म्हणून आपल्याला मिळाली. या खेळांचं तसंच आहे. क्राउदरचा मूळ प्रोग्राम हरवला असंच तीस वर्षं सगळे समजत होते. २००५च्या सुमारास तो डॉन वूड्सच्या स्टॅनफर्डमधल्या जुन्या विद्यार्थी-खात्याच्या साठवणीत सापडला, आणि डेनिस जर्झ या प्राध्यापकानं तो केंटकीच्या खऱ्या गुहेशी ताडून पाहिला. २००७ साली निबंध छापला. संशोधन म्हणतात ते हे, गुहेत उतरून. एसेक्सचा खेळ व्हिक्टर टॉथ यानं नव्या यंत्रांवर चालेल असा करून ठेवला आहे, अजून जाऊन पाहता येतो. पण बाकी कितीतरी जगं वीज गेल्याबरोबर गेली. तिथल्या भिंतींवर लिहिलेलं, बाजारात बोललेलं, लग्नात म्हटलेलं काही उरलं नाही. आपल्या घरातल्या व्हॉट्सॲप गटांचं काय होणार, याचा विचार इतिहासाच्या अभ्यासकांनी आत्ताच करायला हवा. पन्नास वर्षांनी खानदेशावर लिहिणाऱ्याला कागद मिळणार नाहीत.

ज्या तरुणांना हे करून पाहायचं असेल त्यांच्यासाठी: 'इव्हेनिया' नावाचं मोफत साधन आहे, पायथनमध्ये लिहिलेलं. साध्या लॅपटॉपवर चालतं, देवनागरी गिळत नाही. पहिली खोली एका संध्याकाळी उभी राहते. दुसरा माणूस आला की अडचणी सुरू होतात. आमच्या गटात सध्या 'जादूगार आला' म्हणणारे आणि 'जादूगार आले' म्हणणारे असे दोन पक्ष पडले आहेत. मी मतदान घ्या म्हटलं, तर त्यांनी उलट विचारलं, की सर, मत प्रत्येकाला एकच, की पायरीप्रमाणे? तो वाद अजून चालू आहे, आणि उद्या सकाळच्या तासाला मला त्यात बसायचं आहे, म्हणून आपली रजा घेतो.